पत्रातल्या शेवटच्या तीन ओळी

नमस्कार. मी कराडला राहते, वय ४३. कोरोनापासून आमच्या घरात व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कायमच्या झाल्या आहेत. मिस्टर रोज सकाळी १००० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी घेतात. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला ५०० ची चघळायची गोळी देते, ती त्याला आवडतेही. सासूबाईंना शुगर आणि बीपी आहे, त्याही अधूनमधून मिस्टरांचीच गोळी घेतात. मागच्या वर्षी मिस्टरांना मुतखडा झाला. नणंद म्हणते, तो या गोळ्यांनीच झाला. गोळ्या बंद कराव्यात का? बंद केल्या तर सर्दी-खोकला वाढेल का? गोळीऐवजी खाण्यात काय द्यावं?

जाता जाता आणखी एक. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, आई गेल्यापासून पाटणजवळच्या गावी एकटेच असतात. हल्ली फार थकतात, हिरड्यांतून रक्त येतं, पायांवर काळेनिळे डाग दिसतात. वयच झालंय म्हणा. त्यांनाही याच गोळ्या पाठवू का?
— एक वाचक, कराड

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि उत्तर शेवटाकडून सुरू करायचं ठरवलं. मुतखडा, सर्दी, मुलाची गोळी, या सगळ्यावर येते. पण ज्या ओळी तुम्ही 'जाता जाता' म्हणून लिहिल्यात, तिथे मी थांबले. आधी बाबांचं बोलू.

थकवा, हिरड्यांतून रक्त, आणि कुठे लागल्याचं आठवत नसताना पायांवर डाग. ही तिन्ही एकत्र आली की 'वयच झालंय' एवढ्यावर सोडून देऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर असं होतं. प्लेटलेट कमी झाल्या, यकृत बिघडलं, रक्ताचा एखादा मोठा आजार असला तरी होतं. म्हणून घरून गोळ्या पाठवून वाट बघत बसायची ही वेळ नाही. याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. घरात असतील नसतील तेवढी औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या, गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्यासुद्धा. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा की हे एकटे राहतात आणि दिवसभरात अमुक अमुक खातात.

हे शेवटचं विसरू नका, कारण एक कारण असं आहे जे खाणं विचारल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही. शाळेत आपण घोकलं होतं: 'क' जीवनसत्त्वाच्या अभावी स्कर्व्ही होतो. परीक्षा झाली आणि आपण ते विसरलो. स्कर्व्ही म्हणजे जुन्या काळच्या गलबतांवरच्या खलाशांचा रोग, आपल्याकडे लिंबं ढिगानं मिळतात, आपल्याला कसला होतोय! मलाही तसंच वाटायचं.

काही वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करत होते, तिथे एक आजोबा दाखल झाले. तुमच्या बाबांच्याच वयाचे, बायको जाऊन सात-आठ महिने झालेले. तोवर दोन ठिकाणी 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाइन लावून घरी पाठवलेलं. आमच्याकडच्या एका तरुण डॉक्टरबाईंनी त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर सारला, मोबाइलचा उजेड पाडला आणि मला जवळ बोलावलं. नडगीवरच्या केसाकेसाच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढा लाल-जांभळा ठिपका होता. आणि केस सरळ नव्हते, बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखे वळलेले होते. हिरड्या सुजून उरलेल्या दातांवर चढल्या होत्या.

मी त्यांच्या खाटेशेजारी बसून खाणं विचारलं. सकाळी चहात बुडवून टोस्ट. दुपारी मऊ भात आणि पिवळं वरण. रात्री दूध-भाकरी, नाहीतर परत चहा-टोस्ट. भाजी? 'एकट्यासाठी कोण निवडत बसतंय, पोरी.' फळ? 'दात कुठायत?' लिंबू? 'आंबट लागलं की हिरड्या झोंबतात.' ज्याची शरीराला गरज होती तेच झोंबतं म्हणून त्यांनी टाळलं होतं, आणि हे सहा-सात महिने चाललं होतं. औषध सुरू झालं तसे चौथ्या दिवशी ते उठून बसून बोलायला लागले. दुसऱ्या आठवड्यात हिरड्यांतलं रक्त थांबलं. ओळखला तर इतक्या लवकर मागे हटणारे आजार फार थोडे आहेत. ओळखलाच नाही तर याच आजारात माणूस दगावतो.

तुमच्या बाबांना हेच आहे, असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण बायको गेलेला, एकटा राहणारा, दात नसलेला म्हातारा माणूस म्हटलं की मला आता आधी त्याचं ताट बघावंसं वाटतं.

असं का होतं, तेही सांगते. आपली कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती ज्या धाग्यानं बांधलेल्या असतात त्याला कोलॅजेन म्हणतात. तीन पदरांच्या वेणीसारखा हा धागा असतो, आणि ती वेणी घट्ट बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की वेणी सैल पडते. मग अगदी बारीक रक्तवाहिन्या जराशा दाबानं फुटतात, हिरड्या हुळहुळतात, जखम भरत नाही. गोठ्यातली शेळी हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करते, वाळल्या चाऱ्यावर असली तरी. माणसाला ते जमत नाही. आपल्याला ते ताटातूनच घ्यावं लागतं, आणि साठाही फार नसतो. चांगलं खाणाऱ्या माणसाच्या अंगात दीडेक ग्रॅम असतं. खाण्यातून येणं थांबलं की रोज थोडं थोडं उतरत जातं, आणि ३०० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की लक्षणं दिसायला लागतात. याला एक ते तीन महिने पुरतात. सगळ्यात आधी येतो तो थकवा आणि उदासपणा. घरात नुकतंच माणूस गेलेलं असेल तर सगळ्यांना ते दुःखच वाटतं.

ही गोष्ट आपल्या माणसांवर एकदा फार मोठ्या प्रमाणावर गुदरली आहे. पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे तुर्की सैन्यानं इंग्रजांच्या एका फौजेला वेढा घातला. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत तो चालला. वेढ्यात अडकली होती ती पूना डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. पीठ काही काळ पुरलं, पण ताजा भाजीपाला संपला. गोऱ्या सैनिकांनी घोडे मारून ताजं मांस खाल्लं. आपल्या बहुतेक जवानांनी धर्माला स्मरून कित्येक आठवडे ते नाकारलं, आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. ताज्या मांसानं गोरे त्यातून वाचले, पण पांढऱ्या पिठाच्या पावावर राहून त्यांना बेरीबेरी, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला. कोंड्यासकट पीठ खाणाऱ्या आपल्या माणसांना तो झाला नाही. एकाच वेढ्यात दोन ताटं होती, म्हणून दोन वेगळे रोग झाले.

त्याच युद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी प्रयोग करून दाखवलं की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखणारं काही नसतं, पण तेच भिजवून त्याला मोड आणले की तो गुण त्यात येतो. ताजी भाजी मिळत नसलेल्या सैन्याला मोडाचं कडधान्य द्या, असं त्यांनी सुचवलं. तेव्हा व्हिटॅमिन सी अजून कुणी वेगळं काढलेलंही नव्हतं.

मूग तुमच्या बाबांच्या डब्यात आजही असणार. मटकीपेक्षा मूगच घ्या, शिजल्यावर तो मऊ होतो आणि दात नसले तरी चालतो. रात्री भिजत घालायचा, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायचा, दुसऱ्या दिवशी मोड फडक्यातून बाहेर डोकावतात. कुकरला तीन-चार शिट्ट्या करू नका. कढईत झाकण ठेवून वाफ आणा, डाव्याच्या पाठीनं चेपून बघा, चेपला गेला की उतरवा. लवकर शिजावा म्हणून चिमूटभर सोडा घालायची सवय असेल तर ती मोडा, सोड्यानं क जीवनसत्त्व झपाट्यानं जातं. लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर.

लिंबाबद्दल एक गैरसमज मात्र दूर करते, कारण पत्रांतून तो सतत दिसतो. ग्लासभर सरबत घेतलं की दिवसाचं काम झालं असं नाही. एका कागदी लिंबातून दोन-तीन चमचे रस निघतो, त्यात जेमतेम १० ते १५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये ठरवून दिलेली रोजची गरज आहे पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम. १०० ग्रॅम पेरूत मात्र ते २०० च्या वर असतं. म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा पेरू खाल्ला की बाबांची दिवसाची गरज भागली. आवळ्यात तर त्याहूनही जास्त असतं. वाटी-दीड वाटी पिकलेली पपई जवळपास तेवढंच काम करते. संत्रं, मोसंबी चांगलीच आहेत, पण पेरूपुढे त्यांचा नंबर बराच खाली लागतो.

बाबा म्हणतील, पेरू खाल्ला की खोकला होतो. आपल्याकडे घरोघरी हे म्हणतात. असा खोकला बहुतेक वेळा विषाणूंनी होतो, पेरूनं किंवा आंबटानं नाही. घसा आधीच दुखत असेल तर आंबट झोंबतं, एवढं खरं. त्यांच्या हिरड्या हुळहुळत असतील तर सुरुवात पपईनं करा. दोन आठवड्यांनी हिरड्या बऱ्या झाल्या की पेरू. पूर्ण पिकलेला, पिवळा झालेला घ्यायचा, मधला बियांचा भाग चमच्यानं काढून टाकायचा, उरलेला गर चेचून त्यावर मीठ आणि जिरेपूड घालायची. आवळ्याच्या दिवसांत एक आवळा बारीक किसून वरणभातात कालवला तर चावावाही लागत नाही. परड्यात शेवगा असेल तर कोवळ्या पाल्याची भाजी करा. शिजवताना बरंच कमी होतं, पण पाल्यात मुळातच इतकं असतं की उरलेलंही उपयोगी पडतं. उन्हात वाळवलेल्या आवळासुपारीवर मात्र भिस्त ठेवू नका.

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो तुम्हालाही माहीत आहे. हे सगळं करणार कोण? ज्या माणसानं पन्नास वर्षं वाढलेलं ताट पुढ्यात घेतलं, तो एकट्यासाठी पेरूच्या बिया काढत बसत नाही. म्हणून शेजारच्या एखाद्या वहिनींना रीतसर पैसे देऊन दिवसातून एकदा वाटीभर काहीतरी ताजं द्यायला सांगा. संकोच करू नका, हे त्यांच्या औषधाइतकंच गरजेचं आहे. आणि फोनवर 'जेवलात का?' विचारू नका. त्याला प्रत्येक बाप 'हो' म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. 'आज फळ कुठलं खाल्लंत, कच्चं काय खाल्लंत?' असं विचारा. पहिले चार दिवस चिडतील, मग तुमचा फोन यायच्या आधी खाऊन ठेवतील.

गोळीचं म्हणाल तर बाबांना डॉक्टरांनी दिली तर ती जरूर द्या, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत. तुमच्या घरातल्या चौघांपेक्षा ती त्यांच्या कामाची असण्याची शक्यता जास्त आहे.

आता तुमच्या घराकडे येऊ.

मिस्टरांची १००० ची गोळी बंद करा. एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत घेतलं तर ते जवळजवळ सगळं शोषलं जातं. १००० च्या पुढे गेलं की निम्मंही शोषलं जात नाही, आणि जे शोषलं जातं त्यातलंही जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. जाताना त्याच्या काही भागाचं ऑक्झलेट होतं. बहुतेक मुतखडे याच ऑक्झलेटच्या कॅल्शियम क्षाराचे असतात. स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघालं. मिस्टरांचा खडा याच गोळीनं झाला असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, कमी पाणी पिण्यापासून कारणं अनेक असतात. पण एकदा खडा होऊन गेलेल्या माणसानं ही गोळी रोज घेऊ नये. नणंदबाईंची शंका रास्त आहे. पेरू, आवळा, लिंबू मात्र त्यांना सोडायला लावू नका. भीती आहे ती गोळीच्या मात्रेची. लिंबाचा रस तर खड्याच्या रुग्णांना बहुतेक वेळा चांगलाच असतो.

सासूबाईंचं त्यांच्या डॉक्टरांना नक्की सांगा. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेमुळे घरच्या काही शुगर मशीनवर आकडा चुकीचा येऊ शकतो, आणि त्या आकड्यावरून कुणी औषध वाढवलं तर ते महागात पडेल. शिवाय पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत सोडियम बरंच असतं. त्यांच्या जेवणातलं मीठ तुम्ही जपत असाल तर ही गोळी कशाला?

मुलाला त्याच्या वयाला दिवसाला ४५ मिलिग्रॅम पुरतं. तुम्ही अकरापट देत आहात, आणि तेही गोळी-चॉकलेटसारखं चघळायला. ती आम्लधर्मी गोळी दाढांमध्ये घोळत राहते आणि दातांचं वरचं कवच झिजवते. आवडतंय म्हणून औषध द्यायचं नसतं, हे मी जरा कडक होऊनच सांगते, कारण एक दिवस तो डबीच हातात घेऊन बसेल. त्याच्या डब्यात पेरूच्या चार फोडी घाला, वर तिखटमीठ.

सर्दी वाढेल का? नाही. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या, दोन नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञानं १९७० मध्ये पुस्तक लिहून व्हिटॅमिन सी आणि सर्दीचं नातं सगळ्या जगाच्या मनात रुजवलं. त्यानंतर इतक्या चाचण्या झाल्या की ११ हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून बघता आली. रोज गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य माणसांना सर्दी काही कमी वेळा झाली नाही. झालेली सर्दी मोठ्या माणसांत सुमारे ८ टक्के लवकर गेली. म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत अर्धा दिवस वाचला, त्यासाठी वर्षभर रोज गोळी. सर्दी झाल्यावर सुरू केली तर तेवढाही खात्रीचा उपयोग दिसला नाही. मॅरेथॉन धावणारे किंवा कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक यांना मात्र फायदा झाला, त्यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. करोनातही रोज ८ ग्रॅम देऊन पाहिलेली एक अमेरिकन चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात आजार लवकर बरा झाला नाही. तेव्हा घाबरून गोळ्या आणल्यात यात तुमची काही चूक नाही, त्या दिवसांत आपण सगळ्यांनीच हाताला येईल ते धरलं. जेवण नीट असेल तर त्या एकदम बंद केल्या तरी चालतं.

आणि ताई, घरातल्या तिघांबद्दल लिहिलंत, चौथ्या म्हणजे बाबांबद्दल लिहिलंत, स्वतःबद्दल एक ओळ नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी पाळीत रक्त जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन बघून घ्या. पालेभाजी, पोहे, अळीव यांतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही, क जीवनसत्त्व सोबत असेल तर ते बरंच जास्त घेतलं जातं. पोह्यांवर लिंबू पिळायला स्वतःच्या बशीतही विसरू नका, आणि पोह्यांबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला. लिंबूपाणी तांब्याच्या भांड्यात ठेवत असाल तर ते काचेच्या ग्लासात घ्या. तांब्याच्या संपर्कात क जीवनसत्त्व लवकर नष्ट होतं आणि आंबटपणानं तांबंही पाण्यात उतरतं.

गावी जाल तेव्हा दिवसाउजेडी बाबांच्या नडग्या नीट बघा. केसांच्या मुळाशी लाल ठिपके दिसले तर डॉक्टरांना तेही दाखवा, फोटो काढून ठेवा. रक्ताचे रिपोर्ट आले की मला कळवा. आणि जाताना एक बारीक भोकांची नवी किसणी घेऊन जा. आई गेल्यापासून त्या घरातली किसणी बहुधा कुणी खाली काढलेली नसेल.